सात तासांची अकरा मिनिटं

त्यांना सगळे कुलूपबाई म्हणत. तोंडावर नुसतं 'बाई' आणि पाठ फिरली की 'कुलूपबाई'. हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्याचं त्यांना फारसं वाईटही वाटत नसे. नाव पडलं त्याला बारा वर्षं झाली होती. इस्पितळाच्या मोठ्या साहेबांनी पासवर्ड म्हणून बायकोचं नाव ठेवलं होतं, आणि तेच नाव त्यांच्या टेबलावरच्या फोटोखाली ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं. बाईंनी नियमाप्रमाणे त्यांचं खातं बंद करून टाकलं. साहेब तणतणत तळघरात उतरले.

"मी कोण आहे माहीत आहे ना तुम्हाला?"

"मला आहे," बाई म्हणाल्या, "यंत्राला नाही. कुणीही येऊन वहिनींचं नाव सांगितलं की ते त्यालाच साहेब समजणार."

हसावं की चिडावं हे साहेबांना कळेना. त्यांनी निमूटपणे नवा पासवर्ड ठेवला. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट पाच मजले चढून गेली आणि बाईंना नाव चिकटलं ते चिकटलंच.

बाईंची खोली तळघरात. खिडकी नाही. तीन भिंतींना कपाटांएवढे सर्व्हर, त्यांची अखंड घरघर, आणि यंत्रं तापू नयेत म्हणून बाराही महिने हिवाळा. बाई उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर घालून बसत. लोक वर घाम पुसत असताना त्या जिना चढून येत तेव्हा लिफ्टमन म्हणे, "आल्या बर्फाच्या कारखान्यातून."

काम जोखमीचं होतं. रुग्णाच्या गाठीचा तुकडा काढला की त्याची पातळ चकती काचपट्टीवर घ्यायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिचा फोटो काढायचा. एकेक फोटो असा अवाढव्य की घरच्या कॉम्प्युटरने हात जोडावेत. दिवसभरातले अवघड फोटो एकत्र करून समुद्रापलीकडच्या एका संस्थेकडे जात. तसल्या विरळा गाठी ओळखणारी माणसं जगात मोजकीच, त्यातली चौघं तिथे होती. फोटोंसोबत रुग्णाचं नाव, वय, आजार असं सगळं असायचं. म्हणून फाईल इथून निघताना तिला कुलूप लागे, म्हणजे तिचा मजकूर असा उलथापालथा होई की वाटेत कुणी उघडलीच तर त्याला नुसता पाचोळा दिसावा. पलीकडे पोहोचली की किल्लीने पुन्हा जशीच्या तशी. हे कुलूप बाईंच्या ताब्यात होतं.

फाईल दुपारी बाराला निघायची आणि संध्याकाळी सातला पोहोचायची. सात तास. तोवर पलीकडची दिवसाची कामं ठरून गेलेली असत, मग आपली फाईल दुसऱ्या दिवशी उघडायची आणि आजाराचं निदान तिसऱ्या दिवशी यायचं. बाई रोज सातपर्यंत थांबत. मध्येच इंटरनेटची लाईन तुटली तर पहिल्यापासून पाठवावी लागे, हे एक कारण. दुसरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

घरी कुणी नव्हतं.

तीस वर्षं त्या आणि त्यांची थोरली बहीण, दोघी चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहिल्या. दोघीही बिनलग्नाच्या. ताई नकाशे काढायच्या कचेरीत होती. निवृत्त झाली, गुडघे कुरकुरू लागले म्हणून व्यायामाच्या वर्गाला जाऊ लागली, आणि तिथे एका विधुर गृहस्थांचेही गुडघे कुरकुरत होते. सहा महिन्यांनी ताई भाजी निवडता निवडता म्हणाली, "मी लग्न करतेय." बाईंना वाटलं चेष्टा करतेय, म्हणून त्या म्हणाल्या, "कर की, मी अडवलंय?" ताईने मान वर केली तेव्हा कळलं की चेष्टा नव्हती. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी बाईंना पहिल्यांदा भावोजी मिळाले. मनुष्य भला होता, नावं ठेवायला जागा नव्हती, आणि बाईंची खरी अडचण हीच होती. भावोजींचा मुलगा परदेशात होता. लग्नानंतर दोन महिन्यांत दोघं त्याच्याकडे राहायला गेली.

घरात भांडण नाही, रुसवा नाही, कुणी गेलं म्हणून रडावं तर तेही नाही. ताई सुखात होती. बाई दार उघडून सवयीने "आले गं" म्हणत आणि मग चपला जरा जास्तच वेळ नीट लावत बसत. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं दोघी मिळून सोडवायच्या, आडवे शब्द ताईचे, उभे बाईंचे. आता बाई उभे शब्द भरत आणि आडव्या ओळी तशाच राहत. आडवे आपण भरायचे नाहीत, असं त्यांच्या मनाने परस्परच ठरवून टाकलं होतं.

त्या वर्षी इस्पितळाने नवी लाईन घेतली. जुनी पाऊलवाट असेल तर ही दहापदरी सडक, असं कंपनीचा माणूस सांगून गेला. फीत कापली, टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी बाराला बाईंनी फाईल सोडली. ती सातला पोहोचली.

काचपट्ट्या तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई खाली आल्या. फटकळ, पण मनाने सरळ बाई. "अहो, दहापदरी सडक म्हणाले ना? मग आपली गाडी गोगलगाय कशी ओढतेय? वर लोक तीन-तीन दिवस बाकड्यावर बसून असतात. मला त्यांची तोंडं बघवत नाहीत."

कंपनीच्या माणसाला बोलावलं. त्याने तेवढ्याच आकाराची एक नमुन्याची फाईल बिनकुलपाची पाठवून दाखवली. सुसाट गेली. "लाईन ठणठणीत आहे," तो हात झटकत म्हणाला, "तुमचं कुलूपच नडतंय."

मोठ्या साहेबांना आयतंच सापडलं. "मग काढा ते कुलूप."

"नाही काढणार, साहेब."

"अहो, वाटेत कोण बघतंय?"

"आपण घराला कुलूप लावतो ते चोर दिसला म्हणून का?"

साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "पंधरा दिवस देतो. तेवढ्यात वेग वाढला तर ठीक. नाहीतर लेखी हुकूम काढतो. माझ्याही दारात लोक बसलेत, बाई."

खरं तर बाईंनाही आतून वाटू लागलं होतं की दोष कुलपाचाच असावा. पण एक गोष्ट खटकत होती. कुलूप लावणं हे यंत्राला मेहनतीचं काम. तेच जड जात असतं तर यंत्र घामाघूम व्हायला हवं होतं. बाईंनी पाहिलं, तर यंत्र निवांत. शंभरातल्या पंच्याण्णव घटका ते काहीच करत नव्हतं. म्हणजे ते वाट बघत होतं. कशाची?

त्या रविवारी सकाळी ताईचा फोन आला. लांबचा फोन, आवाज जरा उशिरा पोहोचायचा. ताईला पहिल्यापासून सवय, एक वाक्य बोलायचं आणि समोरचीने 'हं' म्हणेपर्यंत थांबायचं. पूर्वी एका खोलीत बसून हे कधी जाणवलं नव्हतं. आता ताई बोले, थांबे, बाईंचं 'हं' समुद्र ओलांडून जाई, आणि तेवढ्यात ताई विचारी, "ऐकतेस ना गं?" अर्धा फोन "ऐकतेय" म्हणण्यात जायचा.

"ताई, तू थांबू नकोस," बाई म्हणाल्या. "चार-पाच गोष्टी सलग बोल. मी एकदम हं म्हणते."

"अगं पण तू ऐकतेयस हे कळायला नको? भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं."

बाई हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. सोमवारी त्यांनी कुलपाच्या प्रोग्रॅमचे कागद काढून पहिल्या पानापासून वाचायला घेतले. तिसऱ्या दिवशी सापडलं. प्रोग्रॅम जुन्या, अरुंद लाईनींच्या काळात लिहिलेला. तो ठरावीक ओंजळभर मजकूर पाठवी आणि पलीकडून 'पोहोचला' असा निरोप येईपर्यंत हात बांधून उभा राही. निरोप यायला डोळ्याची पापणी लवावी एवढाच वेळ. पण अशा लाखो पापण्या लवल्या की त्यांचे सात तास होतात. लाईन कितीही रुंद करा, ओंजळ तेवढीच. बिनकुलपाच्या फाईलचा प्रोग्रॅम नव्या जमान्यातला, तो ओंजळीऐवजी हंडे ओतत होता. कुलपाचा त्यात काडीचाही दोष नव्हता.

पण ओंजळ किती मोठी हे ठरवी घेणारा. म्हणजे दुरुस्ती पलीकडे व्हायला हवी होती.

पलीकडची यंत्रं सांभाळणारे एक गृहस्थ होते. अकरा वर्षं बाईंचा आणि त्यांचा ईमेल चालू होता. 'फाईल पोहोचली.' 'लाईन तुटली, पुन्हा पाठवते.' 'ठीक.' एवढंच. बाईंनी त्यांना पहिल्यांदा दोन पानी पत्र लिहिलं. उत्तर आलं, तीन शब्दांचं: 'चालतंय, हलवू नका.'

बाईंनी पुन्हा लिहिलं. पुन्हा नकार, या वेळी जरा लांब. 'इथे मी एकटाच आहे. बिघडलं तर निस्तरायला दुसरं कुणी नाही.'

बाईंनी ते वाक्य दोन-तीनदा वाचलं. मग कुठलेही आकडे न घालता त्यांनी लिहिलं, 'इथेही मी एकटीच आहे. जुनं दार आपण मुळीच हलवायचं नाही. त्याच्या शेजारी एक नवं दार करू, त्यातून नुसत्या कोऱ्या फाईली पाठवून बघू. बिघडलं तर नवं दार बंद, जुनं आहे तिथे आहे.'

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'उद्या. तुमचे दुपारचे तीन, माझे सकाळचे सात. त्यानंतर माझ्याकडे लोक येऊ लागतात.'

पहिल्या दिवशी फजिती झाली. बाईंनी उत्साहाच्या भरात ओंजळीची थेट टाकी सुचवली, आणि पलीकडचं जुनं यंत्र गुदमरून बसलं. 'म्हटलं नव्हतं?' असं ईमेलमध्ये आलं. बाईंचा चेहरा पडला. पाठोपाठ दुसरी ओळ आली, 'अर्धी करून बघू. माझा चहा अजून गार झालेला नाही.'

मग रोज तीनला ती बैठक बसू लागली. तिकडची पहाटेची धुकट सकाळ, इकडचं तळघर. एक फाईल जाई, ती जात असताना दोघं लिहीत. गृहस्थांकडे एक म्हातारा कुत्रा होता, एका पायाने अधू. त्याला फिरवून ते कामावर येत. जिने चढवताना त्याला उचलून घ्यावं लागतं, आणि कुत्र्याला त्याची लाज वाटते, असं त्यांनी लिहिलं. बाईंनी ताईच्या लग्नाची गोष्ट लिहिली, गुडघ्यांसकट. गृहस्थांनी लिहिलं, 'म्हणजे वरात लंगडतच निघाली असेल.' बाई त्या थंडगार खोलीत एकट्याच मोठ्याने हसल्या. आपला आवाज ऐकून त्यांना कसंसंच झालं. आपण असं मोठ्याने किती दिवसांनी हसलो, ते त्या मोजायला लागल्या आणि मध्येच सोडून दिलं.

ओंजळ जमली तसे सात तासांचे अर्ध्या तासावर आले. बाईंना तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण आता मात्र यंत्राला खरोखरच घाम फुटत होता. त्यांनी पाहिलं, तर यंत्राच्या पोटात कामाला सोळा हात, आणि कुलूप लावायचं सगळं काम एकट्याच्या गळ्यात. पंधरा जण नुसते तमाशा बघत उभे. ते काम वाटून द्यायला आणखी चार दिवस गेले. तेराव्या दिवशी त्यांनी खरी फाईल, सबंध दिवसाची, कुलपासकट सोडली.

अकरा मिनिटं.

बाईंनी घड्याळ पाहिलं. पलीकडून आलेला निरोप पाहिला. मग फाईल पडताळणीला लावली, एखादा तुकडा गहाळ तर नाही ना म्हणून. काहीही गहाळ नव्हतं. त्या तशाच स्वेटरनिशी पाच मजले चढून गेल्या. मोठे साहेब बैठकीत होते. डॉक्टरीणबाई डोळे सूक्ष्मदर्शकाला लावून बसल्या होत्या. "अकरा मिनिटं," बाई दारातून म्हणाल्या. "अरे वा, बरं झालं," त्या मान न वळवता म्हणाल्या. आणि क्षणभराने, "जरा दार लावून घ्याल? उजेड येतोय."

महिन्याच्या सभेत साहेबांनी सांगितलं की नव्या लाईनचा गुण दिसू लागला आहे. बाई मागच्या रांगेत उठून उभ्या राहिल्या. "कुलूप काढलेलं नाही, साहेब. तसंच आहे." सभेत खसखस पिकली. कुलूपबाई त्या कुलूपबाई, असं कुणीतरी म्हणालं. साहेब मात्र हसले नाहीत. "मला ठाऊक आहे," ते म्हणाले, आणि पुढच्या विषयाकडे वळले.

पलीकडच्या गृहस्थांचं शेवटचं पत्र त्याच आठवड्यात आलं. 'या महिनाअखेर मी निवृत्त होतोय. म्हणूनच सुरुवातीला नको म्हणत होतो, जाता जाता काही मोडून जाऊ नये असं वाटत होतं. आता बरं वाटतंय. सकाळी सातला यायची सवय मात्र मोडावी लागेल.' बाईंनी आभाराचं उत्तर लिहिलं, दोनदा खोडलं, शेवटी साधंच पाठवलं. पुढल्या महिन्यात त्या पत्त्यावर लिहिलं तर आपोआप उत्तर आलं: हा पत्ता बंद आहे, तक्रार असल्यास अर्ज भरावा, क्रमांक मिळेल. त्यांच्या घरचा पत्ता बाईंनी कधी विचारला नव्हता. त्यांनीही विचारला नव्हता. एवढ्या वर्षांत दोघांनी एकमेकांचा आवाजसुद्धा ऐकला नव्हता.

आता फाईल बाराला निघायची आणि सव्वाबाराला सगळं आवरलेलं असायचं. पलीकडचे तज्ज्ञ सकाळी येताच ती उघडत, आणि इकडे पाचच्या सुमारास निदान हजर. बाईंना सातपर्यंत थांबायला काही निमित्तच उरलं नाही.

एकदा साडेचारच्या सुमारास त्या कुठलासा कागद द्यायला वर गेल्या होत्या. तपासणीच्या दाराबाहेर बाकड्यावर एक बाई बसली होती, पायाशी भलीमोठी पिशवी, वर घडी केलेलं पांघरूण.

"अहो, तुम्ही इथल्याच का?"

"हो. खाली असते मी."

"मागच्या खेपेला तीन दिवस लागले होते. म्हणून मी तयारीने आले. आणि आज म्हणतात, पाचपर्यंत कळेल." तिने आवाज खाली आणला. "एवढ्या लवकर कसं हो? काही वाईट असलं की लवकर सांगतात का?"

 त्या पंधरा दिवसांत कुलूपबाईंनी सगळ्या बाजूंनी विचार केला होता, ही एक बाजू सोडून.

"नाही," त्या म्हणाल्या, "आता सगळ्यांचंच लवकर येतं. रस्ता दुरुस्त झालाय."

"कुठला रस्ता?"

"तुमच्या काचपट्ट्यांचे फोटो जातात तो."

बाईला त्यातलं काही कळलं नाही, पण सांगणारीचा सूर कळला असावा. तिने पिशवी सरकवून जागा केली. "बसता का जरा?"

कुलूपबाई बसल्या. बाईचा नवरा आत होता. करवतींना धार लावायचं काम करायचा. हात असा की डोळे मिटून नुसत्या बोटांनी धार ओळखायचा, असं ती सांगत होती. मध्येच थांबून म्हणाली, "तीन दिवस असले ना, की मनाची तयारी होते हो. पहिल्या दिवशी देव आठवतात, दुसऱ्या दिवशी भांडणं आठवतात, तिसऱ्या दिवशी माणूस म्हणतं, जे काय असेल ते असो. आज मी अजून पहिल्याच दिवसात आहे."

पाचला पाच मिनिटं असताना आतून हाक आली. बाई उठली. "पिशवी बघाल ना?" म्हणाली आणि दारामागे गेली. कुलूपबाई पिशवीवर हात ठेवून बसून राहिल्या. वीस मिनिटांनी बाई बाहेर आली, फोन कानाला. चेहऱ्यावरून काही उमगेना. तिने पिशवी घेतली, "थांबलात, बरं झालं," एवढं म्हणाली आणि फोनवर बोलत जिन्याकडे गेली. हसत होती की रडत होती, ते वळणामुळे दिसलं नाही.

निदानाची ती फाईल तळघरातल्या यंत्रातूनच वर गेली होती. कुलूपबाईंकडे किल्ली होती. उघडायला एक मिनिट लागलं नसतं. बाई खाली आल्या, पडद्यावर 'पोहोचली' एवढी ओळ पाहिली, आणि यंत्रांचं तापमान वहीत लिहून ठेवलं.

पण त्यानंतर साडेचार झाले की त्यांचे पाय वर वळू लागले. कधी कुणी बोले, कधी कुणी नाही. एवढ्या लवकर कसं, असं कुणी विचारलं तर त्या सांगत, सगळ्यांचंच लवकर येतं. न विचारणाऱ्यांना त्या काही सांगत नसत. एक दिवस बाकडं रिकामं होतं, तरी बाई टेकल्या. दारावर नवा पहारेकरी होता. त्याने दोनदा पाहिलं आणि जवळ आला.

"बाई, तुमचं कोण आहे आत?"

बाईंनी वर पाहिलं. "कुणी नाही."

तो थोडा घोटाळला. मग म्हणाला, "बसा, बसा. आत्ता गर्दी नाहीये."

बाई आणखी थोडा वेळ बसल्या, मग स्वेटर काढून हातावर घेतला आणि सव्वापाचची बस गाठायला निघाल्या.